दम बाहेर गेला तेव्हा

मार्गशीर्ष वद्य पंचमी, जव्हार. दिवेलागण.

दाभोसा गावच्या म्हाताऱ्याचा श्वास वाढायचा, मंदावायचा, मग थांबायचा. मी झोपडीच्या दारात उजेडाला उभा राहून घड्याळावर मोजत होतो. त्याची म्हातारी म्हणाली, "डागदर, दारातून सर. त्याचा दम भायेर गेलाय, येल कुठून?" चिडून सरलो, तोच श्वास आला!

योगायोग. रक्तात दूषित वायू साठला की मेंदूच श्वास ओढायला लावतो. हे मला पाठ आहे. मग तिला खोटं पाडायला पुन्हा दारात उभा का राहिलो? या खेपेस श्वास आलाच नाही. म्हातारी रडली नाही, नुसती दाराकडे बघत राहिली.

घरी आल्यापासून स्वतःचेच श्वास मोजतोय. बाहेर कडाक्याची थंडी. बायकोने दार दोनदा लावलं. दोनदा मी उठून उघडलं.