ताईचे स्फटिक

शनिवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. बाळ आता रात्री झोपू देतं का? भावजींना म्हणावं, त्याला कडेवर घ्यायला तुमचेही हात चालतात. इकडे सगळं ठीक आहे. सरांचा खोकला तसाच, प्रयोगशाळेतला नळ अजून गळतोच आहे.

उगाच इकडचं तिकडचं लिहीत बसले आहे. ठीक काही नाही.

ताई, तू वाढवलेले प्रथिनांचे स्फटिक कच्चे नव्हते. मी ते बिघडवले.

बाळंतपणाला निघताना तू बजावलं होतंस, आधी पातळ ग्लिसरीन, मग जरा दाट, मग त्याहून दाट, आणि मगच द्रव नायट्रोजनमध्ये बुडव. आत पाणी राहिलं की त्याचा बर्फ होतो आणि क्ष-किरणांचं चित्र वाया जातं, हेही तूच शिकवलंस. मी त्याला स्फटिकांचे लाड म्हणून हसायचे. त्या दिवशी क्ष-किरणांच्या मशीनवरची आपली वेळ ठरलेली, न्यायला आलेली गाडी खाली उभी, आणि मी उशिरा पोचलेली. पहिला स्फटिक थेट दाट ग्लिसरीनमध्ये टाकला. त्याला तडे गेलेले मला सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ दिसले. तरी बाकीचेही तसेच उरकले, कारण थांबले असते तर कुणाला तरी सांगावं लागलं असतं.

चित्रं धूसर आली. सरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "स्फटिकच कच्चे होते, सर." निघून गेलं कसलं, मी म्हणाले. त्यांनी तुझं काम बंद केलं.

आणि परवा तूच फोन करून माझी माफी मागितलीस. "माझ्यामुळे तुझी धावपळ फुकट गेली," म्हणालीस. मागे बाळ रडत होतं. मी काय म्हणाले? "असू दे गं, ताई." मोठ्या मनाने तुला माफ करून फोन ठेवला. तेव्हापासून माझी मलाच किळस येते आहे.

आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ती धूसर चित्रं पुन्हा काढून पाहिली. मग म्हणाले, काम परत सुरू करू, पण स्फटिक पुन्हा पहिल्यापासून वाढवायची तिची तयारी आहे का, ते तू विचार. तान्हं बाळ घेऊन बसलेल्या बहिणीला हे कुठल्या तोंडाने विचारू?

तू मागितलेली माफी या पत्राबरोबर परत पाठवते आहे. माझी मागायला पुढच्या रविवारी येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
धाकटी