जबडा जुळला तेव्हा

माजी नवरोबा,

हे पत्र मी टाकणार नाही, तरी लिहिते. गॅरेजमध्ये टायर बदलताना मी त्या तीन रॅपर पोरींचं गाणं लावलं म्हणून तू पान्याने माझा जबडा फोडलास. "आता कर बडबड," म्हणालास. मी रक्तासोबत दोन दात थुंकले.

डॉक्टरांनी बांधलेल्या तारा निघाल्या, तरी शब्द अडखळायचे. मग त्या तिघींचीच गाणी रोज म्हटली. मारकुट्या नवऱ्यांना त्या तोंडावर सुनावतात, तेही इतक्या भरभर की माझी जीभ त्यांच्यामागे धावायला शिकली. दुखून डोळ्यांत पाणी यायचं, पण सोडलं नाही.

काल कोर्टात साक्ष दिली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "जरा सावकाश, लिहून घ्यायचंय."

मी पहिल्या फटक्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. तू मान वर केली नाहीस.

आता तुझी कुणीच नसलेली,
टायरवाली