कुर्त्याला शिवलेला चौकोन

सूनबाई,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी गोधडीच्या वर्गाला पळतेय.

गेल्या महिन्यात तू गोधडीचा चौकोन स्वतःच्या कुर्त्यालाच शिवलास, तेव्हा मी चारचौघींत तुझी थट्टा केली. तू यायचीच बंद झालीस. तर ऐक, काल मीही तेच केलं! उठले, तर चौकोन मांडीपाशी माझ्या कुर्त्यालाच लटकलेला. वर्गातली ती नर्सबाई तर हसता हसता खुर्चीवरून घसरली. सगळ्या उसवायला धावल्या, पण मी कुणाला हात लावू दिला नाही. तसाच मिरवत घरी आले.

माझा तो कुर्ता चौकोनासकट तुझ्या खुर्चीवर आहे. जेवलीस की तो घेऊन तिकडेच ये. शेजारची जागा धरून ठेवते. उसवायचं तूच, टाके वाकडे म्हणत मीच तुला इतकं उसवायला लावलंय, की तुझ्याइतका कुणाचा हात बसलेला नाही.

तुझी सासू