म्हणे, तुम्ही तसं बोललाच नव्हतात!

अहो,

तुम्ही होतात तोवर कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. दूर होतात कधी? इंदिरानगरातून कोर्ट आणि कोर्टातून घर, एवढीच तुमची धाव. पण आज सकाळी तुमचे दोस्त विनायकराव येऊन गेले आणि तेव्हापासून माझं डोकं नुसतं तडतडतंय. लेक म्हणते, "आई, सोडून दे." कसं सोडू? तुम्हीच ऐका आता.

शनिवारी वकिलांच्या बाररूममध्ये तुमची शोकसभा आहे. तुमच्या खात्याचे मोठे साहेब येणार, फोटोला हार घालणार, 'निर्भीड सरकारी वकील' म्हणून भाषण ठोकणार. पण परवानगी न घेता पेपरशी बोललात, बदनामी केलीत म्हणून तुम्हाला दिलेली नोटीस अजून मिटलेली नाही ना, म्हणून त्यांना यायला अवघड वाटतंय. तेव्हा विनायकराव म्हणतात, मी दोन ओळी लिहून द्यायच्या, की "पेपरवाल्याने माझ्या बोलण्याचा विपर्यास केला," असं हे घरी म्हणाले होते.

ऐकलंत? तुम्ही तसं बोललाच नाहीत असं मी लिहून द्यायचं, मग ते तुम्हाला निर्भीड म्हणणार! काय म्हणावं या माणसांना!

आणि तुम्ही तरी! चहात साखर कमी पडली तरी सांगायचा नाहीत. खटल्याचं विचारलं की, "निकाल लागू दे." आरोपीबद्दल मी बाहेर बोललो तर न्यायाधीशांच्या आधी गावच त्याला शिक्षा देईल, असं म्हणायचात. पटायचं मला. पण आरोपीचा वकील रोज गेटवर कॅमेऱ्यासमोर तोंड चालवायचा, त्याला कोणी विचारलं, परवानगी घेतलीस का बाबा?

मग ती अंबडच्या कारखान्यातली पोरगी. अंगाला हात लावणाऱ्या सुपरवायझरविरुद्ध साक्ष द्यायला आली, आणि तिला बसायला जागा कुठली, तर त्याच्या भावांच्या शेजारी, त्याच बाकावर! दिवसभर ते तिच्याकडे रोखून बघत होते. शेवटी पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मला काही आठवत नाही." सुटला तो. तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत.

निकालानंतर त्याचा वकील म्हणाला, सरकारकडे पुरावाच नव्हता. बातमीदार सलीमने तुम्हाला विचारलं, तेव्हा कुठे तुम्ही तोंड उघडलंत. "पुरावा होता. साक्षीदाराला बसवायला वेगळी खोली नव्हती." यात बदनामी कुणाची झाली हो? खोलीची?

विनायकराव तेव्हाही म्हणाले होते, "विपर्यास झाला म्हण आणि मोकळा हो. सगळे हेच करतात." तुम्ही म्हणालात, "त्या पोराने शब्द न शब्द बरोबर छापलाय. त्याची नोकरी खाऊन मी मोकळा होऊ?"

मी तुमच्यावरच चिडले होते. अजूनही चिडलेलीच आहे. एवढं बोलायचंच होतं, तर छातीत दुखतंय हे का नाही बोललात? पेपरला सांगता येतं, बायकोला नाही?

दुपारी सलीम आला होता. चेहरा पार उतरलेला. "काकू, तुमचं पत्र आलं तर मालक मला काढणार. साहेब गेले, आता माझ्या बाजूने कोण सांगणार?" त्याला आधी चहा दिला.

मग ठरवलं. विनायकरावांना मी काहीएक लिहून देणार नाही. मोठे साहेब येवोत न येवोत, शनिवारी मी जाणार. घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, डोळे पुसावेत, अशी पद्धत असतेच. मी उभी राहीन आणि तुम्ही जे बोललात ते जसंच्या तसं, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलेन. सलीमला म्हणेन, घे लिहून, आणि खाली माझं नाव घाल. परवानगी कसली? मी काही सरकारी नोकर नाही, तुमची बायको आहे. द्या म्हणावं मला नोटीस!

हा शब्द दिला तुम्हाला. बोलताना रडू आलं, तर तेवढं सांभाळून घ्या.

तुमचीच, तुमच्यावर अजून रागावलेली,
सुमन