खाटेएवढा पूल

एटापल्लीजवळचा मुक्काम
दि. ३ मे १९५७

ती. नथ्थूभाऊस नानाजीचा सा. न. वि. वि.

आमी कॉलेजची सहा पोरं अन् बारापात्रे सर इथी सुखरूप पोचलो. नाल्यावर पूल बांधणं हीच औंदा आमची परीक्षा. मागच्या पावसाळ्यात इथली सुकरी बाळंतपणात अडली. नाला भरून वाहत होता, दवाखान्यात नेता आलं नाई. लेकरू गेलं. म्हणून पूल लवकर पाह्यजे. पण सिमेंट आलंच नाई. जंगल खातं फक्त पडली झाडं घेऊ देते. सर म्हणतात, आहे त्यात करा.

त्यात रोज सकाळी आमच्या मापाच्या खुंट्या उपटलेल्या दिसतात. मले गावच्या लालसूवर संशय आहे. म्हातारा दिवसभर काठावर बसून आमाले पाहत राह्यते.

वहिनीले नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

तुमचा
नानाजी

वरोरा
दि. ९ मे १९५७

चि. नानाजीस अ. उ. आ.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. सिमेंट गेलं कुठी? तुमच्या सरानं मधल्यामधी विकलं तर नाई? अन् फुकटात पोरं काऊन राबवून घेते? कोणत्याच कागदावर सही करू नको. त्या लालसूले रंगेहात पकड अन् पोलीस पाटलाच्या हवाली कर. ट्रंकेले कुलूप लावतोस ना? तुझी वहिनी म्हणते, याचं मन तिथी रमलं दिसते, पोरगी तर नाई पाह्यली? मले तिचाही भरवसा नाई, ती जाऊ आणायले तयारच बसली आहे.

जपून राह्य. घरचे तुझी वाट पाहून राह्यले.

तुझा
नथ्थू

मुक्काम तोच
दि. १९ मे १९५७

ती. भाऊस सा. न. वि. वि.

सरांवरचा संशय सोडा. मी त्यांच्यासंगं जाऊन पाह्यलं. ट्रक ओढ्यात उलटला, सिमेंट भिजून दगड झालं.

लालसूले मात्र मी खुंटी उपटतानाच धरला. त्यानं हात सोडवला नाई. मोडक्या मराठीत उलट मलेच विचारलं, की आमी एकामागं एक चालतो, मंग एवढा रुंद पूल कोणासाठी? ठेकेदाराचे ट्रक येतील, जंगल उचलून नेतील, म्हणे. मागं डोंगरावरही अशीच मापं घेऊन माणसं गेली होती. मी त्याले चोर समजत होतो, तो आमाले.

सरांनी तक्रार केली नाई. माझ्या नकाशावर बोट ठेवून म्हणाले, पाण्याचा जोर धरला, लाकडाचं वजन धरलं, या माणसाचं भेव कुठी धरलं?

मंग सुकरीच्या घरून खाट मागून आणली. खाट तिनं सोता बाहेर काढून दिली. पुढं-मागं माणसं धरून खाट उचलली अन् पुलाची रुंदी तेवढीच ठेवली. बिमार माणूस जाईल, ट्रक जाणार नाई. लाकूडही निम्मंच लागते, पडल्या झाडांत भागते.

लहान भाऊ समजून सांभाळून घ्यावं.

तुमचा
नानाजी

वरोरा
दि. २७ मे १९५७

चि. नानाजीस अ. उ. आ.

म्हातारा तुले गुंडाळून राह्यला, असं मले वाटते. सांगितल्यापेक्षा अरुंद पूल पाहून परीक्षेचे साहेब पास करतील? अन् पडला तर नाव तुझंच. नीट विचार कर.

रागानं नाई, काळजीनं लिहिलं.

तुझा
नथ्थू

मुक्काम तोच
दि. २४ जून १९५७

ती. भाऊस सा. न. वि. वि.

तुमचं खरं झालं. जीप जात नाई म्हणून साहेबांनी मार्क कापले, जेमतेम पास केलं. बाकीची पोरं सरांसंगं नागपूरले गेली. लालसूनं मले थांबवलं. पूल खरा की खोटा हे पुरातच समजते, तवा पहिले तूच चालायचं, म्हणे. मी कबूल केलं.

काल नाला भरला. काठावर सारं गाव उभं होतं. मी अर्ध्यात पोचलो तोच एक ओंडका खांबावर आदळला अन् पायाखालच्या लाकडी बल्ल्या थरथरल्या. माझ्याच हिशेबावरचा माझा भरवसा उडाला. परत फिरावं म्हणून वळलो, तर मागं लालसू पुलावर चढला होता. पूल अरुंद, बाजूले व्हायले जागा नाई. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला अन् मले पुढं ढकललं.

आमी दोघंही पल्याड गेलो.

वाटेतले बाकीचे नाले उतरले की निघतो. तुमच्या मनात या भावाची जागा राहू द्यावी.

तुमचा
नानाजी