चौथ्या खड्ड्यातलं हत्यार

९ जाने., शुक्र. भडगाव
आज उत्खननाचा चौथा खड्डा. गिरणाकाठी, नानांच्या शेताच्या कडेला. शेत त्यांचंच. पंच्याहत्तरीचे आहेत, आमच्यासाठी रोज माठ भरून ठेवतात.
दुपारी आमच्या उत्खननप्रमुख मॅडम जेवायला गेल्या आणि खड्ड्याच्या भिंतीत दगडी हत्याराची धार दिसली. आदिमानवाने घडवलेलं. फोटो नाही, माप नाही, सरळ उपटलं मी. पाच वर्षं हेच शिकतेय! ते कुठल्या थरात होतं त्यावरून वय कळतं. लगतच्या मातीने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते प्रयोगशाळेत मोजतात. ती मातीच ढासळली.
मॅडम : कोणी काढलं?
तोंडातून निघालं, "नानांनी."

१० जाने.
मॅडम नानांना बोलल्या. आवाज न चढवता, पण सगळ्यांसमोर. मी खाली मान घालून माती चाळत राहिले. नाना म्हणाले, "मन्हाच हात लागना व्हई, ताई. आते बठ्ठं ध्यानमा ऱ्हास नही."
खड्ड्यात पायही ठेवला नव्हता त्यांनी. मला वाचवलं, की हल्ली लक्षात राहत नाही म्हणून खरंच तसं वाटलं त्यांना? तसं वाटलं असेल तर... नालायक आहे मी.

१३ जाने.
नाना आता लांब लिंबाखाली बसतात. माठ भरलेला असतोच. शेजारच्या शेतकऱ्याला सांगत होते, "मन्हामुळे त्यासनं काम बिघडनं." मग मला, "जेवनी का माय?"


१६ जाने. पिंप्राळा, घरी
आई म्हणाली, काय झालंय तुला? डोकं दुखतंय म्हटलं. आणखी एक थाप.

१९ जाने. भडगाव
सकाळी नानांनी लांबूनच हाक मारली. "ताई, आठे एक दगड शे. मी हात नही लावा." दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते. साधा गोटा निघाला. मॅडम हसल्या, नाना नाही हसले.
दुपारी नोंदवही काढली. ९ तारखेच्या पानावर, 'कोणी काढले' पुढे नानांचं नाव होतं. माझ्याच अक्षरात. ते पुसून माझं लिहिलं. आमच्या नोंदी पेन्सिलीने असतात, पुन्हाही पुसता येईल. मॅडमना वही दिलेली नाही. उद्या मागणार आहेत.
संध्याकाळी नाना फाट्यापर्यंत सोडायला आले. नको नको म्हणत असताना पिशवी माझ्या हातातून घेतली, खांद्याला लावली. वही त्यातच होती. बस येईपर्यंत दोघं उभे होतो. मग पिशवी परत घेऊन मी चढले.