हाज्जाचे स्वच्छ कांदे

२ एप्रिल
आजपासून आळस बंद. काही कांदे कीटकनाशकाच्या पाण्यात, काही साध्या पाण्यात. औषधातल्या मुळांच्या पेशी बिघडणार, साध्यातल्या शाबूत राहणार. मग शोधनिबंध, मग विद्यापीठात बढती. तांता शहरातल्या बाजारावर माझा विश्वास नाही, म्हणून कांदे थेट सासूबाई हाज्जा तफीदांच्या शेतातले. हाज्जांच्या मातीला नावं ठेवायला जागाच नाही.

६ एप्रिल
मुळं कापली, रंगवली, काचेखाली दाबून सूक्ष्मदर्शकातून पाहिली. औषधातल्या पेशी तुटक्याफुटक्या. शाब्बास वग्दी, म्हटलं स्वतःलाच! साध्या पाण्यातल्याही तशाच. रंग जुना असणार.

९ एप्रिल
नवा रंग. तेच. एका पेशीच्या दोन होताना आतले गुणसूत्रांचे धागे दोन्हीकडे नीट जायला हवेत. इथे तुकडे मध्येच राहतात. घरी बायकोच्या, इन्शिराहच्या पोटाकडे पाहिलं तरी मला तेच तुकडे दिसतात. सातवा महिना. आधीची दोन टिकली नाहीत. ती म्हणाली, भूत पाहिल्यासारखा काय बघतोस. डोळे दुखतात म्हटलं. चष्मा बदलणे.

१३ एप्रिल
विभागप्रमुख मुशीराबाईंनी पाणी बदलायला लावलं. बदललं. तेच. मग विचारतात, कांदेच तर खराब नाहीत? मला हसू आलं. बाई हाज्जांना ओळखत नाहीत.

१७ एप्रिल
हाज्जांना फोन केला. शेतात औषध मारत नाही ना, सहज विचारलं. त्या दुखावल्याच.

"किडके कांदे जावयाला पाठवू? गाव तोंडात शेण घालेल माझ्या. तुझे जास्त फवारलेल्या वाफ्यातले आहेत, एकेक निवडून दिलेत. इन्शिराहलाही तेच पाठवते, लग्न झाल्यापासून."

फोन ठेवला. इन्शिराहला आजच सांगणार होतो. ती बाळाची दुपटी शिवत बसली होती, गुणगुणत. उद्या नक्की.

१९ एप्रिल
तिला पित्त झालंय. अशात नको. शिवाय कांद्याची पेशी वेगळी, माणसाची वेगळी. हे शास्त्र आहे.

२१ एप्रिल, शम्म अल-नसीम
सगळं तांता कालव्याकाठी, वसंताच्या सणाला. हाज्जा फसीख आणि पातीच्या कोवळ्या कांद्यांच्या जुड्या घेऊन आल्या. तो खारवलेला मासा डॉक्टरांनी बंद केलाय, म्हणून इन्शिराहनं कांद्यांवरच ताव मारला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"तुझ्या परीक्षेत आमचे कांदे पास झाले की नाही?"

हाज्जा माझ्याकडे बघत होत्या.

"पहिले आले," मी म्हणालो.

हाज्जांनी ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. इन्शिराहनं आणखी एक सोलला, अर्धा मला दिला. मी खाल्ला. गोड निघाला.